लिंबूटिंबूचं मत

‘मग सरांना लिंबूटिंबू ठेवू की!’ असं क्रीडासंचालक म्हणाले आणि अख्खी बैठक हसली. तर्कशास्त्राचे प्राध्यापकही हसले. हसावंच लागतं, आपल्यावर झालेल्या विनोदाला जो हसत नाही, त्याच्याकडे लोक मुद्दाम वळून बघतात. पण हसता हसता त्यांचं चहात बुडवलेलं बिस्कीट वेळेवर बाहेर काढायचं राहून ते तुटून कपाच्या तळाशी जाऊन बसलं. कुलसचिव बाई अध्यक्षस्थानी होत्या. त्या विनोद करत नसत आणि दुसऱ्याने केलेला ओळखतही नसत. त्यांनी शांतपणे चष्मा वर सरकवला आणि इतिवृत्तात लिहून घेतलं : तर्कशास्त्राचे प्राध्यापक, लिंबूटिंबू, मान्य. मग ‘पुढचा विषय’ म्हणाल्या. घ्या! निवृत्तीला टेकलेला माणूस, तर्कशास्त्रावर दोन जाडजूड पुस्तकं नावावर, जिना चढताना विद्यार्थी भिंतीला चिकटून वाट देतात असा दरारा, आणि आता रीतसर, ठरावासकट, लिंबूटिंबू.

धोंडा त्यांनी आपल्याच पायावर पाडून घेतला होता, हे कबूल करायला हवं. प्रश्न तसा साधा होता. विद्यापीठात आहेत तेवढे क्रीडासंघ पुरेत, की नवे काढायचे? या खेपेला मागणी होती डॉजबॉलच्या संघाची. मधे एक रेघ, दोन्हीकडे दोन बाजू, एकमेकांना चेंडू फेकून मारायचे, ज्याला लागला तो आउट, त्याने जाऊन बाकावर बसायचं. ‘हा खेळ आहे की भांडण?’ असं ग्रंथपालांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं. ग्रंथपाल आणि लेखाधिकारी कट्टर विरोधात. त्यांचं म्हणणं असं, की मैदान एक, त्यावर आहेत त्या संघांचीच ओढाताण; हॉकीला परवा ऐन वेळी माणसं कमी पडली म्हणून वसतिगृहाच्या आचाऱ्याला उभं केलं आणि त्यानेच त्यातल्या त्यात बरा खेळ केला; असं असताना आणखी एक संघ हवाय कशाला? क्रीडासंचालक, रसायनशास्त्राच्या बाई आणि दवाखान्याचे डॉक्टर संघाच्या बाजूने. पोरं वर्गात झोपतात, मैदानावर तरी जागी राहतील, हा डॉक्टरांचा मुद्दा. म्हणजे तीन विरुद्ध दोन. उरले प्राध्यापक. ते विरोधात गेले की बरोबरी, आणि बरोबरी झाली की प्रस्ताव पडतो, ही क्रीडामंडळाची जुनी पद्धत. आता खरी गंमत अशी, की आजवर प्राध्यापक कुठल्याच बैठकीत कशाच्याच विरोधात गेले नव्हते. बाजूनेही नव्हते. ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे,’ असं म्हणून ते तटस्थ राहायचे, आणि हे वाक्य इतकं ठरलेलं होतं की ते तोंड उघडायच्या आत कुलसचिव बाई ते लिहून मोकळ्या होत. या वेळी मात्र ते ठाम विरोधात होते. विद्यापीठ हे बुद्धीसाठी असतं, असं काहीतरी ते बोललेही. पण ते कारण त्यांना स्वतःलाच फारसं पटलेलं नव्हतं. खरं कारण त्यांच्या खोलीच्या खिडकीखाली दर वर्षी घडायचं. संघांची निवड तिथं चालायची. पोरं रांगेत उभी, कप्तान बोट दाखवत फिरणार, तू ये, तू ये, तू नको, तू ये. आणि शेवटी जी दोनचार उरायची ती खाली वाकून बुटाची बांधलेलीच नाडी पुन्हा बांधत बसायची. प्राध्यापक तेव्हा खिडकी लावून घेत. वाऱ्याने कागद उडतात, असं सांगत. जितके संघ जास्त तितक्या असल्या सकाळी जास्त, एवढा त्यांचा हिशोब. पण तो बैठकीत मांडण्यासारखा नव्हता.

म्हणून त्यांनी नियम शोधला. विद्यापीठाच्या जुन्या नियमावलीत, जी त्यांच्याशिवाय कुणी वाचत नसे, एक कलम होतं, की ज्या सभासदाने तो खेळ स्वतः खेळलेला नाही त्याला त्या खेळाच्या संघाबद्दल मत देता येणार नाही. मंगळवारच्या बैठकीत त्यांनी ते घसा खाकरून, प्रत्येक शब्द सुटा करून वाचलं आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. त्यांची खात्री होती, की आता ही पोट सुटलेली मंडळी शेपूट घालतील आणि विषय कायमचा मिटेल. झालं भलतंच. क्रीडासंचालक खुर्चीतून ताडकन उठले, त्यांनी प्राध्यापकांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. ‘वा सर! काय नियम काढलात! शनिवारी सकाळी या सगळे मैदानावर. आपण विरुद्ध पोरं. खेळू आणि तिथंच मतं घेऊ.’ रसायनशास्त्राच्या बाई तर इतक्या खूश झाल्या की बसल्याजागी बाह्या सरसावू लागल्या. तेवढ्यात डॉक्टरांना प्राध्यापकांचा गुडघा आठवला. मग क्रीडासंचालक ते लिंबूटिंबूचं वाक्य बोलले. आणि वर, अगदी मऊ आवाजात, हेही म्हणाले, ‘म्हणजे सर मैदानावर राहतील, पण त्यांना आउट धरायचं नाही. आता आउट धरायचं नाही म्हणजे ते खेळले असं काही होत नाही, तेव्हा मताचा तेवढा प्रश्न येत नाही.’ गोड बोलून काटा काढणं म्हणतात ते हेच. तीन विरुद्ध दोन, संघ मंजूर. ग्रंथपाल तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. पण प्राध्यापकांच्या डोक्यात तेव्हा मतबित काही शिरलंच नाही. त्यांच्या कानात तो एकच शब्द घुमत होता.

घरी जाताना ते रोजचं वळण चुकून पुढे गेले, परत आले, पुन्हा चुकले. लिंबूटिंबू. पन्नास वर्षांत हा शब्द कानावर पडला नव्हता असं नाही. पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी पोराबद्दल असायचा. आणि आता एका लोखंडी फाटकाशी उभे असताना त्यांना एकाएकी घामाचा आणि तापलेल्या रस्त्याचा वास आला, आणि वरच्या मजल्यावरून आईचा आवाज, ‘त्याला पण घे रे!’ खाली दादा आणि दादाचे मित्र. दादा कपाळावर आठ्या घालून वर बघायचा, मग याच्याकडे बघायचा, मग मित्रांकडे, आणि हात उडवून म्हणायचा, ‘बरं. लिंबूटिंबू.’ झालं, हा खेळात. हा धाकटा, ढगळ चड्डी एका हाताने धरून, दुसरा हात हवेत ठेवून जीव खाऊन पळायचा. ज्याच्यावर राज्य असेल तो मुलगा मागून यायचा, पाठीवर हात पडायचा, चांगला जोरात, गरम. आणि हा थांबायचा, वळायचा, तर तो मुलगा केव्हाच दुसऱ्याच्या मागे. ‘तो लिंबूटिंबू आहे रे, सोड त्याला.’ सुरुवातीला याला वाटलं, आपण फार भारी खेळतो. सगळे आउट होतात, आपण कधीच होत नाही. रोज संध्याकाळी घरी जाऊन तो आईला सांगायचा, ‘आज पण मी आउट झालो नाही!’ आणि आई म्हणायची, ‘शाब्बास रे माझ्या राजा!’ हे किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. पण समोरच्या घरातली एक मुलगी होती, दोन वेण्यांची, पुढचे दात पडलेली. तिने एकदा याला बाजूला घेऊन, उगीच वाईट वाटायला नको अशा समजुतीच्या सुरात सांगितलं, ‘अरे, तू खेळत नाहीस. तू नुसता पळतोस.’

नुसता पळतोस! प्राध्यापकांनी फाटकाची कडी धरली. लोखंड गार होतं. त्यांचा प्रबंध कशावर होता? खरीही नाहीत आणि खोटीही नाहीत अशा विधानांवर. आतही नाही, बाहेरही नाही. वाचनातून सुचलेला विषय, असं ते मुलाखतींत सांगत आले होते. वाचनातून कसला डोंबल्याचा सुचतोय! सहा वर्षांच्या पोराला रस्त्यावर सुचला होता तो. आणि मग एकामागून एक, ओळीने, त्यांना आपलं सगळं आयुष्य त्या नजरेनं दिसायला लागलं. विभागप्रमुख निवडायच्या वेळी दोन्ही गट त्यांच्याकडे येऊन चहा पिऊन गेले होते आणि कुणीही मत मागितलं नव्हतं. स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत ते कोपऱ्यात बसून होते आणि सगळं ठरल्यावर कुणीतरी म्हणालं होतं, ‘अरे, त्याला विचारलं का?’ आणि सगळे हसले होते. तेही हसले होते. फाटकातून एक कुत्रं बाहेर आलं, त्यांच्याकडे बघून भुंकायचा विचार केला आणि तो रद्द करून निघून गेलं. आता कुत्र्यानेही धरलं नाही म्हटल्यावर माणसाने करावं काय?

‘मी या घरात लिंबूटिंबू आहे का गं?’ त्यांनी घरात पाऊल टाकल्या टाकल्या बायकोला विचारलं. ती पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. ‘भिंतींना रंग कुठला द्यायचा म्हणून तुम्हाला विचारलं होतं ना?’ ‘विचारलं होतंस. मी निळा म्हणालो होतो.’ दोघांनीही भिंतींकडे पाहिलं. भिंती दुधाळ पिवळ्या होत्या. ‘छान म्हणाले होते हो मी निळ्याला,’ बायको म्हणाली आणि मग तिला इतकं हसू आलं की हातातली चादर खाली ठेवून ती पलंगावर बसली. प्राध्यापक हसले नाहीत. हे तिच्या लक्षात आलं. संसार जुना, एवढं लक्षात येतंच. तिने सगळं विचारून घेतलं, त्यांनी सगळं सांगितलं, आणि सगळं ऐकून ती म्हणाली, ‘मग सोपं आहे. म्हणा, मला लिंबूटिंबू नको, मला आउट करा.’ आणि त्यांनी पुढे काही बोलायच्या आत तिने मोज्यांच्या जोडीचा गोळा करून नेमका त्यांच्या कपाळावर मारला. ‘आउट!’ ‘हे धरायचं नाही,’ प्राध्यापक पटकन म्हणाले, ‘मी तयार नव्हतो.’ बायको नुसती बघत राहिली. आणि प्राध्यापकांना कळलं आपण काय बोललो ते. हा शब्द लोकांनी त्यांना चिकटवला होता हे खरं; पण तो त्यांना अंगाला बसलाही होता, जुन्या स्वेटरसारखा, कोपरांत फाटलेला आणि ऊबदार. दोन्ही बाजूंत तथ्य आहे म्हटलं की चेंडू कुठूनच लागत नाही. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लगेच मागोमाग भूकही लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दादाला फोन लावला. दादा दूर राहायचा, कान गेलेले, आणि टीव्हीचा आवाज कमी करायचा नाही हा त्याचा बाणा. ‘दादा, तू मला लिंबूटिंबू का ठेवायचास?’ ‘काय ठेवायचो?’ ‘लिंबूटिंबू!’ प्राध्यापक ओरडले. खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली. प्राध्यापकांना वाटलं, आता तो म्हणेल, तू लहान होतास, तुला लागू नये म्हणून. निदान तसं म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. ‘अरे, आधी तू आउट झालास की भोकाड पसरून घरी पळायचास,’ दादा म्हणाला. ‘तू घरी गेलास की आई वरून हाक मारायची, तो आला, आता तूही ये. मग माझा खेळ बंद. तू आत असलास तरच मी आत. म्हणून तुला आउट धरायचा नाही असं आम्ही ठरवून टाकलं.’ ‘म्हणजे माझ्यासाठी नव्हतं ते?’ ‘तुझ्यासाठी कशाला? मला खेळायचं होतं!’ दादाने एवढं सांगून गुडघ्याच्या मलमाची चौकशी केली आणि फोन ठेवला. प्राध्यापक फोन हातात धरून बसून राहिले. राग यावा की बरं वाटावं, हे ठरेना. अख्ख्या गल्लीचा खेळ आपल्यावर टिकून होता, आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नव्हता. इथंही दोन्ही बाजूंत तथ्य होतं, आणि त्या वाक्याची त्यांना पहिल्यांदाच चीड आली.

शुक्रवारी एक मुलगी त्यांच्या खोलीत आली. होऊ घातलेल्या संघाची होऊ घातलेली कप्तान. बुटकी, रुंद खांद्यांची, आणि उभी राहिली की खुर्च्या, टेबल, पुस्तकं सगळं जरा मागे सरकल्यासारखं वाटायचं. ‘सर, संचालक सर म्हणाले, तुम्हाला हळू मारायचं.’ ‘बरं मग?’ ‘मला हळू मारता येत नाही.’ तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं, जणू हात तिचा नव्हता, कुणीतरी तसा देऊन ठेवला होता. प्राध्यापकांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. ‘तुम्हाला हा संघ कशाला हवा आहे?’ त्यांनी विचारलं, ‘इतके आहेत की.’ ‘त्यांत आम्हाला घेतलं नाही ना,’ ती म्हणाली. ‘आमच्यातल्या कुणालाच कुठं घेतलं नाही. त्या तुमच्या खिडकीखालीच. मग आम्ही उरलेले वाहनतळामागे जाऊन एकमेकांना चेंडू मारायला लागलो. रागानंच आधी. मग मजा यायला लागली.’ ‘आणि तुम्ही कुणाला घेता?’ ‘येईल त्याला.’ ‘आणि जो अगदीच वाईट खेळतो त्याला?’ ‘तो आधी आउट होतो, सर. मग बाकावर बसून आरडाओरडा करतो. पुढच्या डावाला परत येतो. आउट होण्यात काय आहे?’ प्राध्यापकांनी हातातलं पेन बंद केलं, उघडलं, बंद केलं. ‘उद्या मला आउट धरणार नाहीत,’ ते म्हणाले, ‘आणि माझं मत पण. तुझं काय म्हणणं?’ मुलीने खरं तेच सांगितलं, कारण दुसरं काही सांगायचं तिला सुचतच नसावं. ‘मला बरं वाटलं, सर. तुम्ही विरोधात आहात ना?’ आणि नमस्कार करून गेली. जाताना दार इतक्या जोरात लागलं की कपाटावरची त्यांची दोन्ही पुस्तकं आडवी झाली.

शनिवारी सकाळी मैदानावर प्राध्यापक बायकोने शोधून दिलेल्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांत आणि रोजच्याच पांढऱ्या शर्टात उभे राहिले. कुलसचिव बाई पंच. त्यांनी बाजूला खुर्ची टाकून घेतली, डोक्यावर छत्री, गळ्यात शिट्टी, मांडीवर नियमांचा कागद. शिट्टी वाजली आणि जे सुरू झालं त्याला मंडळाच्या इतिहासात तोड नव्हती. ग्रंथपाल पहिल्याच चेंडूला आउट झाले, आणि इतक्या समाधानाने बाकावर जाऊन बसले की त्यांनी येताना वर्तमानपत्र आणलेलं होतं हे तेव्हा सगळ्यांना कळलं. लेखाधिकारी डॉक्टरांच्या मागे लपले. डॉक्टर वाकले आणि लेखाधिकारी गेले. मग डॉक्टर हसत बसले म्हणून डॉक्टरही गेले. क्रीडासंचालक हवेत झेपावत, गडगडत, उगीचच्या उगीच कोलांट्या मारत खेळले आणि शेवटी स्वतःच्याच बुटात अडकले. रसायनशास्त्राच्या बाई मात्र काय खेळल्या! प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं दाबून धरलेलं सगळं त्यांनी त्या चेंडूत घातलं असावं. त्यांनी एकेक करत जवळजवळ सगळी पोरं बाकावर बसवली. कप्तानच तेवढी उरली, आणि तिनेच मग त्यांना आउट केलं. आणि या सगळ्या गदारोळात प्राध्यापकांना पाठीवर, मांडीवर, दंडावर चेंडू बसत होते, आणि दर वेळी छत्रीखालून कार्यालयीन आवाज येत होता, ‘लिंबूटिंबू. चालू.’ ते दर वेळी थांबत, वळत. आणि पोरं केव्हाच दुसऱ्यावर नेम धरून. तोच गरम हात पाठीवर, आणि तेच, सोड त्याला.

शेवटी मैदानात दोघंच राहिले. रेघेच्या पलीकडे चेंडू घेऊन ती मुलगी, अलीकडे हे. आणि तर्कशास्त्राच्या माणसाला त्या क्षणी, घामाने चष्मा निसटत असताना, दिसलं की पेच पडला आहे. मी आउट होऊ शकत नाही. मी आउट झाल्याशिवाय डाव संपू शकत नाही. म्हणजे हा डाव कधीच संपणार नाही. आपण इथं उभेच राहणार, दुपार होईल, हे लोक घरी जातील, मैदानावर गवत वाढेल, आणि आपण चड्डी धरून नुसते पळत राहणार. ‘झालं, संपलं समजा!’ क्रीडासंचालक बाकावरून ओरडले. ‘नियमात समजा नाही,’ कुलसचिव बाई म्हणाल्या. मुलीने चेंडू दोनदा जमिनीवर आपटला. तिने प्राध्यापकांकडे असं पाहिलं, की असं आपल्याकडे आजवर कुणी पाहिलं होतं का, हे त्यांना आठवेना. रागाने नाही, दयेने नाही, आदराने तर नाहीच. नुसतं, तिथं उभा असलेला माणूस म्हणून. त्यांना भीती वाटली. खरीखुरी. पळायचं सोडून ते गुडघे वाकवून उभे राहिले, आणि चेंडू डावीकडून येईल म्हणून उजवीकडे झेपावले, स्वतःच्या मते झेपावले, आणि चेंडू थाडकन बरोबर पोटाच्या मध्यावर बसला. श्वास गेला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ‘लिंबूटिंबू,’ छत्रीखालून आवाज आला. ‘चालू.’

‘नाही,’ मुलगी म्हणाली. ‘सर आउट आहेत.’

क्रीडासंचालक बाकावरून धावत सुटले. ‘अगं, गप्प बस! वेडी का तू? आउट धरलं तर त्यांचं मत धरावं लागेल! तुझा संघ गेला!’ ‘जाऊ दे,’ ती म्हणाली. ‘मी इतका चांगला चेंडू कधीच मारला नव्हता. सर चुकवत होते, तरी मारला. आणि तो धरायचा नाही?’ पोटावर हात दाबून उभ्या असलेल्या प्राध्यापकांना वाटलं, अरे! हे आपल्याला कधी सुचलंच नव्हतं. गल्लीतल्या ज्या पोरांचे हात आपल्या पाठीवर पडले, ती पोरंही धावून धावून दमली होती, त्यांनीही आपल्याला खरंच पकडलं होतं, आणि त्यांचंही कुणी धरलं नव्हतं. ‘बाई,’ ते म्हणाले, आणि श्वास नव्हता म्हणून ते कण्हल्यासारखं निघालं, ‘मी आउट आहे.’ ‘ठरावात तसं नाही, सर.’ ‘ठराव गेला खड्ड्यात!’ असं वाक्य प्राध्यापकांच्या तोंडून निघालं हे ग्रंथपालांनी वर्तमानपत्र खाली करून ऐकलं. ‘मी चुकवलं. मला लागलं. ज्याला लागतं तो आउट. मला लागलं, म्हणून मी आउट! यात तिसरं काही नाही!’ आणि पुरावा म्हणून त्यांनी पोटावरचा हात बाजूला केला. पांढऱ्या शर्टावर मातीचा गोल, वाटोळा, पूर्ण ठसा उमटलेला होता. कुलसचिव बाई उठल्या. छत्री मिटली. जवळ येऊन, चष्मा वर करून त्यांनी ठसा नीट पाहिला, एक बोट त्याच्या कडेला टेकवून पाहिलं. ‘दिसतोय,’ त्या म्हणाल्या. मग शिट्टी वाजवली, जराशी जास्तच लांब, आणि म्हणाल्या, ‘सर, आउट.’

प्राध्यापक बाकाकडे चालत निघाले. हे चालणं त्यांनी लहानपणी रोज बघितलं होतं; खाली मान घालून, दगडाला लाथ मारत पोरं जायची. त्यांची मान खाली जाईना. गुडघा दुखत होता, पोटात आग होती, आणि त्यांना इतका आनंद झाला होता की कुणाला दिसेल म्हणून त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. बाकावरची सगळी आउट झालेली माणसं सरकली. ‘या, बसा,’ लेखाधिकारी म्हणाले. रसायनशास्त्राच्या बाईंनी पाण्याची बाटली दिली. लाकूड उन्हाने तापलेलं होतं आणि दोन्ही बाजूंनी माणसांचे घामेजलेले दंड लागत होते. मतं तिथंच घेतली. बाजूने तीन हात वर, विरोधात दोन. आणि मग सगळे प्राध्यापकांकडे बघायला लागले. ग्रंथपालांनी कोपराने ढोसलं, ‘उचला हात, वाट कसली बघता?’ पलीकडे ती मुलगी पाठमोरी उभी राहून मैदानात पसरलेले चेंडू गोळा करत होती, एकदाही वळली नव्हती. ‘दोन्ही बाजूंत...’ प्राध्यापकांच्या जिभेवर आलं. कुलसचिव बाईंनी सवयीने पेन टेकवलंसुद्धा. प्राध्यापकांनी ते गिळलं. ‘बाजूने,’ ते म्हणाले, आणि हात असा वर केला की शर्ट चड्डीतून, म्हणजे पँटमधून, बाहेर आला. ग्रंथपाल दुखावले. ‘अहो, पण का?’ ‘तिने मला आउट धरलं.’ ‘हा काय तर्क झाला?’ ‘नाही झाला,’ प्राध्यापक आनंदाने म्हणाले.

पोरांचा जो गलका उठला त्यात कुणाचं कुणाला ऐकू येईना. मुलगी मात्र नाचलीबिचली नाही. चेंडू काखेत घेऊन बाकासमोर येऊन उभी राहिली. ‘सर, दुसरा डाव आहे.’ ‘जरा दम खाऊ दे,’ ते म्हणाले, ‘आलोच.’ मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि दादाला लावला. टीव्हीचा आवाज आला, मग दादाचा.

‘दादा, मी आउट झालो!’ ते ओरडले.

टीव्ही बंद झाला.

‘रडलास?’

‘नाही.’

‘घरी पळालास?’

‘नाही रे. इथंच बसलोय बाकावर.’

‘मग बस,’ दादा म्हणाला. ‘चालू दे खेळ.’